जुना सायफाय पिक्चर डिजिटल प्रोजेक्शनवर परत बघताय? मग असा बघा

ब्लेड रनर मी पहिल्यांदा बघितला तो होस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर, व्हीसीडी लावून. व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ चं चित्र, त्यात हा पिक्चर लांबुडक्या फ्रेमचा, वरखाली काळ्या पट्ट्या, म्हणजे खऱ्या चित्राच्या वाट्याला उभ्यात जेमतेम १६० ओळी. आणि त्या १६० ओळींच्या जोरावर आम्ही पहाटेपर्यंत भांडायचो की डेकार्ड, म्हणजे पळालेल्या रेप्लिकंटना (माणसासारखे दिसणारे कृत्रिम लोक) शोधून मारणारा हिरो, माणूस आहे का तोही रेप्लिकंटच. मग कित्येक वर्षांनी एका फिल्म क्लबच्या शोला तोच पिक्चर डिजिटल प्रोजेक्शनवर लागला. डेकार्डच्या घरातला सीन, पुढे रेचल उभी, तीही रेप्लिकंट, ती विचारतेय मी पळून गेले तर माझ्या मागावर येशील का, हा म्हणतोय नाही येणार, आणि हा मागे, फोकसच्या बाहेर, आणि त्याच्या डोळ्यांत दोन लालसर ठिपके. रेप्लिकंट लोकांच्या आणि त्या घुबडाच्या डोळ्यांत चमकतात तसेच. मी शेजारच्या माणसाला कोपर मारलं, तो अनोळखी होता, पण त्यालाही दिसलं होतं.

तर हे ठिपके १९८२ पासून तिथेच होते, आमच्या व्हीसीडीत ते मावले नव्हते इतकंच. पण त्याच शोमध्ये मला 'नवीन' वाटलेल्या इतर चार गोष्टी मुळात नव्हत्याच, त्या २००७ साली केलेल्या होत्या! हा फरक मला घरी येऊन शोधायला लागला आणि तेव्हापासून जुना सायफाय परत बघायचा तर कसा बघायचा याची माझी एक पद्धत बसलीय, ती इथे लिहून ठेवतोय. उदाहरण सगळं ब्लेड रनरचंच घेतो कारण तो पाठ आहे, पद्धत कुठल्याही जुन्या सायफायला चालेल. पिक्चर बघितलाच नसेल तर आधी बघून या, पुढे सगळं फोडलंय.

तिकीट काढायच्या आधी: कुठला कट आहे ते विचारा

या पिक्चरचे बरेच कट, म्हणजे वेगवेगळ्या एडिट केलेल्या आवृत्त्या, आहेत. १९८२ चा अमेरिकेतला थेटर कट, त्याच वर्षीचा बाहेरच्या देशांसाठीचा, १९९२ चा डायरेक्टर्स कट, आणि २००७ चा फायनल कट, शिवाय रिलीजच्या आधीचा वर्कप्रिंट, म्हणजे कच्ची आवृत्ती, आहेच. आजकाल थेटरात डिजिटलवर लागतो तो बहुतेक फायनल कट असतो, ११७ मिनिटांचा. ओळखायचं सोपं आहे, हॅरिसन फोर्डचा आवाज मागून गोष्ट सांगायला लागला तर तो १९८२ चा, नाही सांगत तर नंतरचा. हे आधी माहीत नसेल तर नंतरचं सगळं ताडून बघणं फुकट जातं, कारण तुम्ही कशाची कशाशी तुलना करताय हेच कळत नाही.

डिजिटलमध्ये जास्त का दिसतं हेही दोन मिनिटं समजून घ्या. पूर्वी थेटरात जी प्रिंट यायची ती कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हची थेट कॉपी नसायची. निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून इंटरनिगेटिव्ह, त्यावरून रिलीज प्रिंट, म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, प्रत्येक पायरीला थोडं बारीक काम पुसलं जाणार. वर ती प्रिंट मशीनमध्ये किंचित हलते, ओरखडे पडतात, रीळ बदलताना उजव्या कोपऱ्यात तो गोल ठिपका येतो. फायनल कट करताना मूळ ३५ एमएम निगेटिव्ह ४के ला (म्हणजे आडव्यात साधारण चार हजार ठिपके) स्कॅन केली आणि स्पेशल इफेक्टचे शॉट ६५ एमएम वर होते ते ८के ला. म्हणजे मधल्या पायऱ्या गेल्याच. ४के च्या स्कोप, म्हणजे असल्या लांबुडक्या, फ्रेममध्ये उभ्यात १७१६ ओळी असतात. आमच्या १६० आठवा.

इफेक्ट ६५ वर का केले? तेव्हा दोनचार चित्रं एकात मिसळायची म्हणजे फिल्मची परत परत कॉपी मारावी लागायची आणि दर वेळी ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, वाढायचा, म्हणून सुरुवातच मोठ्या निगेटिव्हने करायची, म्हणजे शेवटी घसरून घसरून ३५ च्या बरोबरीला येतं. हे काम डग्लस ट्रम्बलच्या टीमचं. बऱ्याच जुन्या पिक्चरांत इफेक्टचा शॉट आला की चित्र एकदम मऊ आणि खरखरीत होतं, मोठ्या पडद्यावर ते लगेच कळतं, इथे तसं जाणवत नाही. पहिली नजर यावर ठेवा, साध्या शॉटवरून इफेक्टच्या शॉटवर जाताना ग्रेन बदलतो का.

कुठे बसायचं: मुठी मोजा

ही माझी सगळ्यात कामाची टीप. हात सरळ पुढे ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची असते. सीटवर बसून पडदा किती मुठींचा भरतो ते मोजा. सव्वातीन मुठींपेक्षा कमी भरला तर तुम्ही इतके मागे आहात की २के आणि ४के तला फरक नॉर्मल डोळ्याला दिसणारच नाही. हिशोब असा की चांगला डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक ओळखतो, त्यामुळे २के चे ठिपके पडद्याच्या रुंदीच्या १.७ पट अंतरावर एकमेकांत मिसळून जातात, ४के चे ०.८५ पट अंतरावर. पडदा ४० फुटी असेल तर ३४ ते ६७ फुटांच्या मधे बसलात तर ४के चा फायदा. मी चार ते पाच मुठी पकडतो. सगळे रिक्लायनर शेवटच्या रांगेत, महागातले, आणि तिथून हा पिक्चर बघणं म्हणजे पुरणपोळी वरून चाटून परत ठेवण्यासारखं आहे.

अगदी पुढच्या दोन रांगा पण नको, स्कोप फ्रेम इतकी रुंद असते की मान टेनिसची मॅच बघितल्यासारखी फिरते.

जाहिराती चालू असतानाच पडदा तपासा

एका मल्टिप्लेक्सला (नाव घेत नाही) मी एक जुना सायफाय बघायला गेलो आणि पहिल्या रिळाएवढा वेळ मला वाटत राहिलं की रिस्टोअर करणाऱ्यांनीच सगळं काळंकुट्ट करून ठेवलंय. बाहेर जाऊन डोअरकीपरला सांगितलं, तो आत आला, पडद्याकडे बघितलं, म्हणाला पिक्चरच तसा आहे सर. इंटरव्हलला मी थेट ऑपरेटरला गाठलं, बिचारा चांगला निघाला, वर जाऊन बघतो तर आधीच्या थ्रीडी शोचा फिल्टर लेन्सपुढे तसाच! काढल्यावर इंटरव्हलनंतरचा पिक्चर वेगळाच. डिजिटल सिनेमाचं स्टँडर्ड १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) उजेडाचं आहे, तो फिल्टर राहिला की त्यातला बराचसा गिळून टाकतो. म्हणून जाहिरातीत पांढरा रंग पांढरा दिसतोय का राखाडी, ते बघा, आणि राखाडी असेल तर लगेच उठा, पिक्चर सुरू झाल्यावर लाज वाटते.

दुसरं, पडद्याच्या कडा. स्कोप पिक्चर १.८५ च्या, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद, पडद्यावर दाखवला की वरखाली पट्ट्या राहतात, आणि प्रोजेक्टरचा काळा हा काही खरा काळा नसतो, तो मळका राखाडी असतो. पडदे ओढून त्या झाकल्या तर चित्रातला अंधार गडद वाटतो. ब्लेड रनरमध्ये अर्धा पिक्चर अंधार आहे हो. आपण मागितल्यावर ते मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातं.

सबटायटल असतील तर त्यांच्याकडे न बघायची सवय लावा. डोळा अक्षराकडे आपोआप जातो, आणि खालचा एक पट्टा हातचा जातो. परत बघताय म्हणजे डायलॉग माहीत असणारच, नसेल तर आदल्या आठवड्यात घरी एकदा सबटायटल लावून बघा, पण पूर्ण नको, मी पहिला तासच बघतो, म्हणजे दुसऱ्या अर्ध्याला थोडी भूक राहते. आणि सिगारेटच्या सीनला कोपऱ्यात जी आरोग्याची सूचना येते तिचं काही करता येत नाही, रेचलचा तो टायरेलच्या (रेप्लिकंट बनवणाऱ्या कंपनीचा मालक) ऑफिसमधला धुराचा सीन इतका सुंदर लाईट केलाय आणि खाली आपली सूचना.

आता बघायचं काय

इथे माझं मत जरा कडक आहे. इंटरनेटवरून 'तुम्ही न बघितलेल्या ५० गोष्टी' टाईप यादी घेऊन जाऊ नका. मग तुम्ही पिक्चर बघत नाही, हजेरी घेता. एखाददुसरी ठीक आहे, उदाहरणार्थ पोलीस हेडक्वार्टरकडे उडती गाडी उतरते त्या शॉटमधल्या बिल्डिंगांमध्ये एक बिल्डिंग म्हणजे स्टार वॉर्समधल्या मिलेनियम फाल्कन यानाचं मॉडेल आहे, उभं करून ठेवलेलं. ते शोधा, हसा, पुढे जा.

त्यापेक्षा हे करा. मनात फ्रेमचे तीन उभे भाग पाडा आणि शॉट सुरू झाला की जो बोलतोय तो भाग सोडून बाकीच्या दोनांकडे बघा. पहिली दहा मिनिटं जड जातं कारण डोळा चेहऱ्याकडे ओढला जातो, नंतर जमतं. टीव्हीवर हा पिक्चर चौकोनी कापून दाखवायचे तेव्हा रुंदीतलं ४४ टक्के चित्र कडांना जायचं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या कडा कधी बघितलेल्याच नाहीत, आणि सिड मीडने डिझाईन केलेलं जग तर कडांमध्येच आहे. रस्त्यावरचे लोक छत्री घेऊन चाललेत आणि छत्रीची दांडीच ट्यूबलाईटसारखी पेटलेली आहे, हे मला व्हीसीडीवर नुसत्या पांढऱ्या रेघा वाटायचं.

मग उजेड कुठून येतोय ते बघा. डेकार्डचं घर असो नाहीतर टायरेलकडे काम करणाऱ्या सेबॅस्टियनची पडकी बिल्डिंग (ती खरी आहे, लॉस एंजलिसमधली ब्रॅडबरी बिल्डिंग, १८९३ ची), बाहेरून सर्चलाईटचे झोत खिडकीतून आत शिरतात, भिंतीवरून सरकतात, जातात. छोट्या स्क्रीनवर हे नुसतं 'वातावरण' वाटतं. मोठ्या पडद्यावर कळतं की यांच्या घरात एक क्षण स्वतःचा अंधार नाही, सतत कोणीतरी बाहेरून उजेड मारतंय. कॅमेरामन जॉर्डन क्रोननवेथ. ते झोत कुठल्या चेहऱ्यावर नेमके कधी पडतात याच्याकडे एकदा फक्त लक्ष ठेवून बघा, गोष्ट आपोआप दुसरी दिसायला लागते.

सुरुवातीचं शहर. तो ज्वाळांचा प्रदेश म्हणजे मिनिएचर, पितळेच्या पत्र्यातून कोरून काढलेल्या बिल्डिंगांच्या आकृत्या, मागून पुढे लहानमोठ्या लावलेल्या, दिव्यांसाठी फायबर ऑप्टिक, आणि खोलीत धूर भरलेला. धूर का? कारण खरं लांबचं धुरकट दिसतं, मॉडेल काही फुटांवर असल्यामुळे धुरकट दिसत नाही, म्हणून मुद्दाम धूर. आता ४के वर मागच्या रांगांकडे बघा, त्या फिकट होत होत जातात, आणि बारीक दिव्यांचे ठिपके मात्र टोकदार राहतात. व्हीसीडीवर हे ठिपके चिखल व्हायचे. रस्त्यांच्या सीनमध्येही पाऊस आणि धूर आहे आणि त्याचं एक कारण एकदम व्यावहारिक, ते सगळं वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओतल्या जुन्या न्यूयॉर्क स्ट्रीट सेटवर शूट झालंय, रात्री, ओलं करून, म्हणजे सेट कुठे संपतो ते कळू नये. कुठे संपतो ते शोधायचा प्रयत्न करा. मला दोन ठिकाणी शंका आहे, खात्री नाही, म्हणून सांगत नाही.

आणि डोळे. हा प्रकार आपल्याला नवीन नाही, रात्री घाटात गाडीच्या हेडलाईटमध्ये मांजराचे डोळे चमकतात तेच शास्त्र. उजेड बघणाऱ्याच्याच दिशेने गेला की डोळ्याच्या आतून तो परत त्याच दिशेने येतो. इथे कॅमेऱ्यापुढे ४५ अंशात अर्धपारदर्शक आरसा लावला आणि त्यावर बाजूने मंद लाईट मारला, म्हणजे लाईट लेन्सच्याच रेषेत डोळ्यात जातो आणि लेन्समध्येच परत येतो. गंमत म्हणजे १९६८ च्या २००१: अ स्पेस ओडिसीमध्ये सुरुवातीच्या माकडमानवांच्या भागात बिबट्याचे डोळे असेच पेटलेले दिसतात, कारण मागचं आफ्रिकेचं दृश्य कॅमेऱ्याच्याच रेषेतून प्रोजेक्ट केलं होतं आणि तो उजेड बिबट्याच्या डोळ्यातून परत आला. तिथे तो त्या तंत्राबरोबर फुकट मिळाला, इथे मुद्दाम आरसा लावून आणला. दोन्ही पिक्चर लागोपाठ बघायला मिळाले तर हे नक्की पडताळा. स्पेस ओडिसीमध्येच यानात पेन तरंगतं ना, ते फिरत्या काचेला चिकटवलेलं आहे, एअर होस्टेस ते 'पकडते' तेव्हा तिच्या बोटांकडे बघा, ती खरं तर उपटतेय.

आवाजाबद्दल थोडक्यात, शक्य असेल तर पिक्चर दोनदा बघा आणि दुसऱ्यांदा पाच मिनिटं डोळे मिटून बसा, बाजारातला सीन निवडा. व्हँजेलिसचं संगीत कुठे संपतं आणि शहराची घरघर कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

वही

फोन नको, त्याचा उजेड लोकांना त्रास देतो आणि तुमची बाहुली आकसते, मग पुढचा अर्धा मिनिट अंधारातलं काही दिसत नाही. छोटी वही, जाड पेन, न बघता लिहायचं, एका पानावर एकच गोष्ट, नाहीतर अक्षरावर अक्षर चढतं. लिहायचं काय, तर सीन, फ्रेमचा कुठला भाग, काय दिसलं. 'नूडल, डावीकडे, छत्री'. बस. मत लिहू नका, मत घरी येऊन तयार होतं. इंटरव्हल कुठेही कापून घालतात, हा पिक्चर इंटरव्हल धरून बनवलेलाच नाही, पण पानं साफ करायला ती दहा मिनिटं बरी पडतात.

घरी आल्यावर तीन खाने

हे न करता झोपायचं नाही. प्रत्येक नोंद तीन खान्यांपैकी एकात टाकायची: 'होतंच', 'केलंय', 'मलाच आत्ता दिसलं'. त्यासाठी जुना कट कुठेतरी हाताशी लागतो, डिस्कच्या जुन्या सेटमध्ये सगळे कट असतात, मित्राकडून आणा.

डोळ्यातले ठिपके, पितळी बिल्डिंगा, छत्र्या हे 'होतंच' मध्ये.

'केलंय' मध्ये काय काय गेलं ते ऐका, माझी चांगलीच जिरली. झोरा ही रेप्लिकंट काचा फोडत पळते तो सीन मला या वेळी भयंकर जिवंत वाटला, मी वहीत लिहिलं होतं 'चेहरा!!'. जुन्या कटमध्ये तिथे स्टंट करणारी बाई आहे, विग घातलेली, स्पष्ट कळतं. २००७ साली जोॲना कॅसिडीला, म्हणजे मूळ झोरालाच, परत बोलावून तिचं डोकं शूट केलं आणि त्या स्टंटवर बसवलं, पंचवीस वर्षांनी! उडती गाडी वर उचलली जाते तिथल्या केबली पुसल्या. साप विकणाऱ्याशी बोलताना डेकार्डचे ओठ डायलॉगशी जुळत नव्हते, तर फोर्डच्या मुलाचं, बेन फोर्डचं तोंड शूट करून लावलं. डेकार्डचा साहेब ब्रायंट आधी सहा रेप्लिकंट पळाले म्हणतो, एक जळून मेला म्हणतो, आणि नावं चारचीच घेतो, तो हिशोब आता 'दोन' करून जुळवला. शिवाय रंग, फायनल कटवर निळसर हिरवी छटा जास्त आहे, मला ती आवडते पण ती २००७ ची आहे हे लक्षात ठेवायचं.

याच खान्यात अजून एक तपासणी येते, ती दुसऱ्या पिक्चरांना जास्त लागू आहे. रिस्टोअर करताना काही जण ग्रेन इतका घासतात की माणसं मेणाची दिसतात. मोकळी भिंत किंवा आकाश बघा, तिथे बारीक दाणे हलताना दिसले पाहिजेत. केस, लोकर, खरबरीत कापड बघा. दाणे नाहीत आणि केसांचा एक गठ्ठा झालाय, तर जे तपशील निगेटिव्हवर होते तेही धुऊन गेले, मग ४के असो का आणखी काही.

तिसरा खाना सगळ्यात छान. टायरेल आणि सेबॅस्टियन बुद्धिबळ खेळतात, दोघांच्या घरी आपापला पट, आणि दोन पटांवरची सोंगट्यांची मांडणी एकमेकांशी जुळत नाही. हे कुठल्याही कटमध्ये दिसतं, कुठल्याही स्क्रीनवर, मला दिसलं नव्हतं कारण मी पुढे काय होणार याच्या काळजीत होतो. आणि डेकार्ड फोटो मशीनमध्ये घालून, आत आत जात, आरशातली झोपलेली बाई शोधतो तो सीन. आधी मला तो टेक्नॉलॉजीचा सीन वाटायचा. आता वही मांडीवर घेऊन बघितला तर एक माणूस दारू पीत, एकटा, जुन्या चित्राचे कोपरे तपासत बसलाय.

एक नोंद मात्र बरेच दिवस कुठल्याच खान्यात बसत नव्हती. शेवटी कबुतर उडतं तो शॉट. माझा होस्टेलचा मित्र फोनवर छातीठोकपणे सांगत होता की कबुतर उजेडात, दिवसाच्या आकाशात जातं, मी म्हणत होतो अरे अंधारात जातं, पावसात, मी परवाच बघितलंय. डिस्क लावली तेव्हा कळलं दोघंही बरोबर, जुन्यात उजेड आहे, फायनल कटमध्ये तो बदलून रात्रीचं पावसाळी आकाश लावलंय, कारण रात्री पाऊस पडत असताना एकदम दिवस कसा उगवेल. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला ते काही असो, माझं कबुतर उजेडातच जाणार.